राजदूत ३५०: फिल्टरचा डबा परत बसवायचा की कायमचा उतरवायचा?

दोन_सिलिंडर (धागाकर्ता)
राजदूत ३५० या टूस्ट्रोक मोटरसायकलचे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) साफ करायला दिले की गाडी डब्याशिवाय परत येते, हे आता नेहमीचंच झालंय. मागे दोन सुटे पॉड फिल्टर (थेट कार्बोरेटरच्या तोंडावर बसणारे उघडे फिल्टर) आणि एअर फिल्टरचा डबा पिशवीत घालून मालकाच्या हातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बूट बसत नाहीत, आणि असंच पिकअप भारी लागतं." (बूट म्हणजे डबा आणि कार्बोरेटर जोडणारे रबरी नळे.) माझं मत असं की उतरवलेला डबा परत बसलाच पाहिजे. बसवायला त्रास होतो, हे तो फेकून देण्याचं कारण नाही.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने ही गाडी आणली, तेव्हा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं) ठरले ते याच डब्यातून ओढल्या जाणाऱ्या हवेच्या हिशोबाने. डबा गेला की हवेची वाट मोकळी होते, जेटवरची ओढ कमी होते आणि हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. फोरस्ट्रोक गाडी अशा वेळी बरंच सहन करते. टूस्ट्रोकचा पिस्टन पकडतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो), आणि तोही हायवेवर, मूठ पूर्ण पिळलेली असताना. शिवाय डब्यामुळे दोन्ही सिलिंडरना सारखी हवा मिळते. सुट्या पॉडपैकी एक साइड पॅनेलला चिकटून बसला की तेवढं एकच सिलिंडर वेगळं वागतं, आणि लोक महिनोन् महिने दोष शोधत बसतात.

घाटवळण
दादा, पूर्ण असहमत. पॉड लावून जेट तसेच ठेवले तर पिस्टन पकडणारच, पण तो दोष पॉडचा नाही, अर्धवट कामाचा आहे. मेन जेट एकेक नंबर वाढवत जायचं, निडलची (जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्यायची, पूर्ण मुठीवर पळवून क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि स्पार्क प्लगचा रंग बघायचा. पांढरा असेल तर अजून वाढवायचं, कॉफीसारखा तपकिरी आला की थांबायचं. हे केलेल्या गाड्या व्यवस्थित पळतायत.

आणि बुटांचं काय? चाळीस वर्षांचं रबर आहे ते. क्लॅम्पखाली बारीक चिरा पडतात, वरून दिसतही नाहीत. फाटका बूट म्हणजे फिल्टरच्या पुढे पडलेलं भोक. टूस्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) जाते, म्हणजे धूळ थेट क्रँकच्या बेअरिंगवर. बाजारातले नकली बूट महिनाभरात फुगतात. अशा डब्यापेक्षा चांगल्या कंपनीचा पॉड शंभर पटीने बरा.

दोन_सिलिंडर
फाटक्या बुटाचं म्हणणं मान्य. तो बदलायलाच हवा. पण जेटिंगचं तुम्ही सांगितलंत ते अर्धंच झालं. मेन जेट पूर्ण मुठीचं बघतो, निडल मधल्या टप्प्याचं. पाव मुठीच्या आसपास स्लाइडच्या (मुठीसोबत वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या) कापाचा अधिकार चालतो, आणि तो काप कोणीच बदलत नाही. शहरात आपण सगळा वेळ पाव मुठीवरच असतो. म्हणून पॉडवाल्या गाड्या सिग्नलवरून निघताना घुटमळतात आणि वर गेल्यावर सुसाट सुटतात. यालाच लोक पिकअप म्हणतात.

पावसाचं तर बोलायलाच नको. ताम्हिणीत जुलैमध्ये भिजलेल्या पॉडमधून इंजिनाला श्वास घेता येत नाही.

पाना_दहा_नंबर
मी गॅरेज चालवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते आणि मजुरी एका कार्बोरेटरची द्यायची असते. त्यात घाई झाली की डबा बाहेर राहतो. पण हे काम होतं, जबरदस्ती न करता होतं.

डबा जागेवर ठेवून कार्बोरेटर ओढायला जाऊ नका, तिथेच बूट फाटतात. सीट आणि साइड पॅनेल काढा, डब्याचे बोल्ट सोडा, डबा जेवढा मागे सरकतो तेवढा सरकवा, मग कार्बोरेटर मोकळे करा. वरची टोपी उघडून स्लाइड केबलसकट वर काढून ठेवा, कापडात गुंडाळा. डावी-उजवी स्लाइड आपापल्या जागीच गेली पाहिजे, काप डब्याच्या बाजूला. जेटमध्ये ब्रेकच्या केबलची तार घालणाऱ्याला गाडीला हातच लावू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

बसवताना बूट कढत पाण्यात टाकून ठेवा, मऊ पडतात. ओठाला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. ग्रीसने रबर फुगतं. बसला असं वाटलं तरी बोट घालून आतून सगळीकडे फिरवा. खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही, तिथेच ओठ आत दुमडलेला सापडतो.

आणि डबा पुढे आणण्याआधी दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घाला, दुसऱ्याला मूठ हळू फिरवायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उठली तर केबलचा ॲडजस्टर तिथेच फिरवा. डबा बसल्यावर बोट जात नाही, मग लोक आवाजावर अंदाज करत बसतात. केबलला हात लावलात तर मुठीसोबत चालणाऱ्या ऑइल पंपाची जुळवणीची खूणही तपासा. हे विसरलं की सगळी मेहनत फुकट.

घाटवळण
काका, बोट घालून तपासायचं एकदम पटलं, पॉडवाल्यांनाही लागू आहे. पण एका गोष्टीचं उत्तर कोणी देत नाही. कंपनीचं जेटिंग त्या काळच्या पेट्रोलवर होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे डबा असला तरी तोच जेट कमी पडतो. मग "कंपनीने ठरवलंय" याला काय अर्थ राहिला?

दोन_सिलिंडर
हा मुद्दा वजनदार आहे, आणि माझ्याच बाजूने जातो. इथेनॉलने आधीच पेट्रोल कमी पडतंय, त्यात पॉडने आणखी हवा का वाढवायची? डबा ठेवून मेन जेट एक नंबर वाढवा, प्लग बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने काय झालं ते कळतं. पॉड, जेट, नवं पेट्रोल सगळं एकदम केलं की प्लगचा रंग कोणामुळे बदलला हे कसं सांगणार?

पाना_दहा_नंबर
जेटच्या आधी कार्बोरेटर आणि रीड (इंजिनात हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) यांच्या मधलं रबर बघा. तिथे चीर असेल तर पॉड की डबा हा वादच नको, दोन्हीत पिस्टन पकडतो. स्लो रेसवर गाडी सुरू ठेवून त्या सांध्यावर साबणाचं पाणी मारा. रेस बदलली की समजा हवा खातेय.

घाटवळण
माझं मत अजून बदललेलं नाही, पॉड नीट जेट केला तर चालतो. पण एका वेळी एक बदल हे बरोबर आहे. डबा माझ्याकडे माळ्यावर आहे, बूट मात्र गेलेत. काका, न फुगणारे बूट कुठे मिळतील ते सांगा. डबा बसवून त्याच रस्त्यावर पळवतो आणि दोन्ही वेळच्या प्लगचे फोटो इथेच टाकतो.