टेरेस म्हणजे गच्ची नव्हे: डब्लिनच्या जॉर्जियन घरांसाठी मराठी शब्द

पागोळी:
डब्लिनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. 'जॉर्जियन टेरेस' पानात चार वेळा आलाय. आधी कुणीतरी केलेल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'जॉर्जियाच्या गच्च्या' आहे! जॉर्जिया देशाचा इथे काडीचा संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, त्या काळातली ही घरं. आणि टेरेस म्हणजे घराला घर लागून, मधली भिंत सामाईक ठेवून बांधलेली अख्खी ओळ. विटांची सपाट दर्शनी बाजू, तीन-चार मजले, वर जावं तशा लहान होत जाणाऱ्या खिडक्या. मी 'रो हाऊस' लिहून पाहिलं, पण लगेच दारातली स्कूटर आणि कुंडीतली तुळस दिसायला लागते. टेरेस, स्क्वेअर आणि टेनेमेंट (म्हणजे एकाच घरात खोल्या भाड्याने घेऊन राहणारी अनेक कुटुंबं) या तिन्हींना काय म्हणाल?

उंबरठा:
आधी जॉर्जियनचं बघा. शिवकालीन चालतं, पेशवेकालीन चालतं, मग 'जॉर्जकालीन' का नको? देशाचा घोळच मिटतो. टेरेसला 'आळी'. संस्कृतात 'आलि' म्हणजे ओळच.

तिरफळ:
मी डब्लिनमध्येच राहतो, म्हणून जरा लांबण लावतो. 'आळी' कानाला गोड आहे, पण तांबट आळी, कासार आळी म्हटलं की एका धंद्याची किंवा जातीची वस्ती डोळ्यांपुढे येते. इथे तसं नव्हतं. एक जमीनदार पुढाकार घ्यायचा. नदीच्या उत्तरेला ल्यूक गार्डिनर, दक्षिणेला फिट्झविल्यम घराणं. ते रस्ता आखायचे, प्लॉट पाडायचे आणि भाडेपट्ट्याने द्यायचे. बांधणारा गवंडी-ठेकेदार दोन-तीन प्लॉट घ्यायचा, पट्ट्यातल्या अटी पाळून घरं उभी करायचा आणि विकायचा. त्यामुळे लांबून ओळ एकसारखी दिसते, पण जवळ गेलात की कळतं: या घराचा माथा शेजारच्यापेक्षा वीतभर वर, विटेचा लाल रंग इथे जरा काळपट. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या अर्धवर्तुळाकार ओळीचं उलटं. तिथली ३० घरं १७६७ ते १७७४ या काळात एकाच अखंड दर्शनी भिंतीमागे झाली, आणि मागच्या बाजूला मात्र ज्याने त्याने आपल्या मनासारखं बांधलं.

म्हणून 'टेरेस'पेक्षा मला 'डेव्हलपमेंट'चं मराठी जास्त महत्त्वाचं वाटतं. लेखात 'विकास' लिहू नका, डोळ्यांपुढे बिल्डरचा फलक येतो. आपल्याकडे शब्द तयार आहे: वसवणे. पेठ वसवली, तसा मेरियन स्क्वेअर १७६२ पासून वसवला.

उंबरठा:
आळी मागे घेतो. पण 'पेठ वसवली' म्हणालात तर पेठेत बाजार हवा!

तिरफळ:
खरंय, इथे बाजार नाही. क्रियापद घ्या, नाम सोडा.

जुनापुराणा:
स्क्वेअरला 'चौक' करू नका, एवढंच सांगायला आलो होतो. रस्त्यावरचा चौक म्हणजे सिग्नल आणि पानाची टपरी. वाड्यातला चौक म्हणजे घराच्या पोटातलं आभाळ, चारी सोपे त्याकडे तोंड करून. तुमच्या स्क्वेअरमध्ये मोकळी जागा घरांच्या बाहेर आहे. मध्ये बाग, बागेला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे रस्ता आणि त्यापलीकडे चारी बाजूंनी घरं, बरोबर ना? मुंबईकरांना हॉर्निमन सर्कल सांगा, चटकन कळेल. गोल असलं म्हणून काय झालं, मधली बाग आणि भोवती एका धाटणीच्या इमारती ही कल्पना तीच.

तिरफळ:
बरोबर. फक्त बागेला कुलूप होतं आणि किल्ल्या भोवतीच्या रहिवाशांकडे. फिट्झविल्यम स्क्वेअरला ते कुलूप अजून आहे. मेरियन स्क्वेअरची बाग १९३० मध्ये कॅथलिक चर्चने कॅथीड्रल बांधायला घेतली होती. ते काही झालं नाही, आणि १९७४ मध्ये बाग महापालिकेकडे आली. आता कुणीही जाऊन डबा खातं. मीही खातो.

पागोळी:
मग विशेषनामात 'स्क्वेअर' तसंच ठेवते आणि पहिल्या उल्लेखात 'चौफेर घरं असलेली बाग' असं फोड करून सांगते. आता टेनेमेंट. मी 'चाळ' लिहिलंय, ते तरी बरोबर आहे?

जुनापुराणा:
नाही. तेच सगळ्यात चूक आहे. चाळ मुळातच एकेका खोलीत एकेक कुटुंब राहावं म्हणून बांधतात. लांब गॅलरी, ओळीने दारं. डब्लिनची ही घरं सरदार-उमरावांची. लेखात हेन्रिएटा स्ट्रीट आहे का?

पागोळी:
आहे, १४ नंबरचं घर. आता तिथे संग्रहालय आहे.

तिरफळ:
त्या घरातले पहिले रहिवासी लॉर्ड मोल्सवर्थ. शब्दचर्चेत हे आडनाव आल्यावर दोन मिनिटं उभं राहायला हवं! (आपला मराठी-इंग्रजी कोश जेम्स मोल्सवर्थचा, १८३१ चा; हे लॉर्ड म्हणजे रिचर्ड, त्याच्या बरंच आधीचे.) घर १७४० च्या दशकाच्या अखेरीचं, एका घराण्यासाठी बांधलेलं. १८०१ मध्ये आयर्लंडची वेगळी संसद बंद झाली, उमराव हळूहळू लंडनकडे गेले, घरांचे भाव पडले. पुढे घरमालकांनी दालनांत आडव्या-उभ्या भिंती घालून खोल्या पाडल्या. १९११ च्या जनगणनेच्या वेळी त्या एका घरात १७ कुटुंबं, सुमारे १०० माणसं होती. छताला नक्षीचा गिलावा तसाच, त्याखाली एका खोलीत चूल, खाटा आणि आठ माणसं.

जुनापुराणा:
ही चाळ नव्हे हो, हा बिऱ्हाडांचा वाडा. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. माडीवरच्या दिवाणखान्याचे फळ्यांनी तीन भाग केलेले. मधल्या भागात आम्ही. महिरपीचा अर्धा भाग आमच्या हद्दीत आणि अर्धा जोशीकाकूंच्या. लहानपणी मला वाटायचं महिरप अशी अर्धीच असते.

पागोळी:
'बिऱ्हाडांचा वाडा' घेतला. चार पानं पुन्हा बघावी लागणार, पण घेतला. लेखात पुढे १९६३ मध्ये अशीच जुनी घरं कोसळून माणसं गेल्याचं आहे, आणि त्यानंतर धोकादायक म्हणून कितीतरी पाडली. तिथे 'चाळ कोसळली' वाचून वाचकाला काहीतरी वेगळंच वाटलं असतं.

उंबरठा:
धोकादायक ठरवून पाडणं आणि नंतर तिथे काय उभं राहतं, हे पुणेकराला समजावून सांगायची गरज नाही.

तिरफळ:
इथे तर धोकादायक नसलेलीही पाडली. फिट्झविल्यम स्ट्रीटवरची १६ घरं तिथल्या वीज मंडळाने आपल्या कचेरीसाठी १९६५ मध्ये पाडली, विरोध झाला तरी. जॉर्जकालीन घरांची ती लांबलचक ओळ मधोमध तुटली.

पागोळी:
एक शेवटचं. घरासमोरच्या फूटपाथमध्ये हाताच्या वितीएवढी गोल लोखंडी झाकणं असतात, त्यातून कोळसा खाली ओतायचे. फूटपाथच्या खालच्या त्या कोठारांना काय म्हणू? 'तळघर' नको, ते घराखाली वेगळं आहेच.

जुनापुराणा:
वरच्या तोंडातून ओतायचं आणि लागेल तसं खालून काढायचं? अहो, बळद! आमच्यात धान्याचं असायचं, त्यांच्यात कोळशाचं.

तिरफळ:
आज कामावर जाताना त्या झाकणांवरून चालत गेलो. पंधरा मोजली. सगळी बळदं.