मदत हवी आहे : पिकअपचा मागचा उजवा ड्रम तापतो, तीनदा काम करूनही तेच

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आली आहे आणि गाडीच्या ब्रेकवर माझा भरवसाच राहिलेला नाही. सगळं सविस्तर लिहितो. लांबेल, पण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगावं?

गाडी २००८ ची डिझेल पिकअप, २०१९ मध्ये जुनीच घेतली. मीटर २ लाख ४० हजारांच्या पुढे गेलाय. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर. चेसिसवर मागे तो लोडचा वॉल्व्ह आहे, ज्याचा दांडा खाली मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगला जोडलेला असतो आणि माल भरला की मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तोडणीच्या दिवसांत गाडी फार बसायची म्हणून दोन वर्षांपूर्वी मी मागच्या दोन्ही कमानींत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एकेक जादा पाटा टाकून घेतला. जूनमध्ये पासिंगच्या वेळी हँडब्रेक धरत नव्हता, तेव्हा मिस्त्रींनी खालून केबलचा नट आवळून दिला. तेव्हापासून हँडब्रेक एकदम छान आहे, तिकडे काही तक्रार नाही.

त्रास जुलैत सुरू झाला. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण आहे. पावसात काळ्या मातीचा चिखल चाकांना असा थापला जातो की रिम दिसत नाही. एका संध्याकाळी घरी आलो तर मागून जळका वास. उजव्या चाकाला हात लावला आणि चटका बसला. डावं चाक मात्र साधं कोमट.

ड्रम उघडला तेव्हा लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) क्राउनच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या, ऑइलने भिजलेले होते. ऑइल सील बदललं, दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकले. तीन आठवडे बरे गेले. मग पुन्हा वास, पुन्हा ड्रममध्ये ऑइल. दुसऱ्या खेपेला सील परत बदललं, उजव्या बाजूचा व्हील सिलेंडर नवा बसवला, ड्रम लेथवर साफ करून घेतला. तिसऱ्या खेपेला मास्टर सिलेंडरचं किट टाकलं आणि सगळं ब्रेक ऑइल बदलून हवा काढली. साडेअकरा हजार गेले. मिस्त्री मेहनती माणूस आहे, प्रत्येक वेळी मन लावून काम केलं, त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात काही नाही. पण गाडी पंचवीस किलोमीटर चालली की उजवा ड्रम तसाच तापतो.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्यात. पेडल पहिल्यांदा दाबलं की बरंच खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. टाकीतलं ब्रेक ऑइल मात्र कमी होत नाही, कुठे ठिबकतही नाही. दुसरं म्हणजे भरलेली गाडी थांबायला फार वेळ घेते आणि पुढचे पॅड वर्षातून दोनदा संपतात.

गेल्या आठवड्यात सत्तर क्रेट भरून निघालो होतो. गावाबाहेरच्या वळणावर पांदणीतून बैलगाडी अचानक रस्त्यावर आली. पूर्ण पाय देऊनही गाडी सरकतच गेली, आणि थांबली तेव्हा बैलाच्या शिंगात आणि माझ्या बोनेटमध्ये हातभर अंतर होतं. गाडीवानाच्या मागे त्याची नात बसलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून कळकळीने विचारतो : नेमकं काय तपासू? बूस्टर बदलायला सांगतायत, तो बदलू का? आणि हे सगळं नीट होईपर्यंत गाडी रिकामी तरी चालवावी का?

प्रतिसाद (वर्ध्याहून)

दादा, मागचा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) बघितला का? जुना होज आतून फुगतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही, मग ब्रेक लागलेलाच राहतो. बाहेरून होज चांगला दिसतो, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. माझ्या गाडीला हेच झालं होतं.

प्रतिसाद (अकोल्याहून)

होज जुना असेल तर बदलाच, पण या गाडीचा दोष तो वाटत नाही. अशा बहुतेक गाड्यांत मागे चेसिसवरून हाउसिंगवर एकच होज उतरतो आणि पुढे टी (तीन तोंडांचा जोड) मधून दोन्हीकडे लोखंडी पाइप जातात. होज बंद झाला असता तर दोन्ही चाकं तापली असती. डावं कोमट राहतं म्हणजे बिघाड टी च्या पुढे, उजव्या बाजूलाच आहे. बूस्टरचंही तेच. तो सगळ्या चाकांना सारखाच लागतो, एकट्या चाकाला पकडत नाही. त्यावर आत्ता पैसे घालू नका.

आधी फुकटातली तपासणी करा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागून गाडी उचला, हाउसिंगखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला. पेडल दोन-चार वेळा दाबून सोडा आणि उजवं चाक हाताने फिरवा. घट्ट लागलं तर त्याच चाकाचा निप्पल (ब्रेकची हवा काढायचा स्क्रू) जरासा ढिला करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर आत अडकतंय, म्हणजे पाइप किंवा सिलेंडर बघायचा. निप्पल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर ब्रेक ऑइलचा संबंध नाही, शू (ज्यांवर लायनर बसतात ते) दुसऱ्याच कशाने तरी ताणून धरलेत.

माझा संशय तुम्ही ‘तक्रार नाही’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीवर आहे. जूनमध्ये केबल आवळली, जुलैत ड्रम तापला. हँडब्रेक ढिला झाला तर आधी ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरने शू ड्रमच्या जवळ आणायचे असतात, केबलला हात शेवटी लावायचा. नुसती केबल ताणली की शूला जोडलेला आतला लिव्हर पूर्ण मागे जात नाही. मग शू आपल्या जागेवर बसत नाहीत आणि ऑटो ॲडजस्टरही काम सोडतो. पहिल्यांदा पेडल खाली आणि दुसऱ्यांदा वर, हे ॲडजस्टर चालत नसल्याचंच लक्षण आहे.

ऑइल सील वारंवार का जातं, तेही यातच आलं. ऑइलमुळे ब्रेक बिघडला असं धरून काम होत गेलं. मला उलटं दिसतं. ब्रेक घासून ड्रम तापतो, त्या उष्णतेने सीलचं रबर कडक होतं, मग ऑइल येतं. हाउसिंगवरचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर जायचं तोंड) एकदा काढून साफ करा. तो चिखलाने बुजला तर आतली गरम हवा सीलमधूनच वाट काढते. आणि ड्रम लेथवर घेतलाय तर त्याचं आतलं माप बघा. जास्तीत जास्त किती चालतं ते ड्रमवरच ओतलेलं असतं, त्यापुढे गेलेला ड्रम वापरू नका.

एक विनंती. ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद (यवतमाळकडून)

राजेहो, पाट्याचं कोणीच बोलून नाही राह्यलं! भाऊ, तुम्ही कमानीत पाटा वाढवला, आता माल भरला तरी गाडी बसतच नाही. मंग त्या वॉल्व्हले कसं समजन का वर माल हाये म्हणून? त्याले वाटते गाडी रिकामी हाये. थो मांगच्या ब्रेकले प्रेशरच कमी देते, सारा जोर पुढच्या चाकावर. म्हणून तुमचे पॅड संपतात आन् गाडी सरकते. थे बैलगाडीवालं प्रकरण ड्रम तापल्यानं कमी आन् या पाट्यानं जास्त झालं, असं माह्यं मत हाये. आन् कोणी सांगन का दांडा वर तारेनं बांधून टाका, तर बिलकुल नोका बांधू. मंग रिकाम्या गाडीत मांगचे चाकं लवकर लॉक होतात. पावसात गाडी मांगून फिरून जाते, सावराले टाइम नाही भेटत.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज दोन दिवस गाडीखालीच होतो, मिस्त्रींनाही बोलावून घेतलं. त्यांना हे प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘मोबाइल तिकडे ठेवा, आधी निप्पल खोलू.’

निप्पल उघडला, ऑइल नुसतं ठिबकलं, चाक तसंच घट्ट. मग हँडब्रेकच्या केबलचा नट पूर्ण सोडला. डावी केबल मागे सरकली, उजवी जागेवरून हललीच नाही. ड्रम काढून लिव्हरपासून ती सोडवली, तेव्हा शू खटकन आत बसले. केबलच्या नळीचं तोंड फाटलेलं होतं आणि आत चिखल आणि गंज असा भरला होता की दोघांनी ओढूनही तार सरकेना. म्हणजे पांदणीच्या चिखलाने केबल जाम होत आली होती आणि जूनमध्ये आवळल्यावर ती ताणलेलीच राहिली. मी तीन वेळा सील आणि सिलेंडरमागे धावलो. हँडब्रेक चांगला धरतो म्हणून खूश होतो, तो चांगला धरत होता कारण उजव्या बाजूला तो कधी सुटतच नव्हता.

आता दोन्ही केबल नव्या टाकल्या. शू जिथे टेकतात त्या पत्र्यावर खाचा पडल्या होत्या, त्या घासून सपाट केल्या आणि तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी थोडंसं लावलं. उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे जाम होते, ते मोकळे केले. शू आधी आतून ॲडजस्ट केले, केबल सगळ्यात शेवटी. ऑइल लागलेले लायनर फेकून नवे टाकले. ब्रीदर खरोखरच बुजलेला निघाला. ड्रमचं माप मर्यादेच्या आत आहे. पेडल आता पहिल्याच दाबात वर मिळतं.

जादा पाटे आजच काढले. वॉल्व्हच्या दांड्याला हात लावलेला नाही, त्याची सेटिंग मापाने करणाऱ्याकडूनच बघून घेईन. पाटे काढल्यावर सत्तर क्रेट भरणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर पासिंगप्रमाणे ते आधीही बसत नव्हतेच. आमच्या क्रेटमध्ये वीसेक किलो माल येतो. हिशेब केला, पंचावन्नच्या वर जायचं नाही. एक फेरी वाढेल, डिझेल लागेल. वडिलांना ते पटायला वेळ लागला, पण बैलगाडीचा प्रसंग त्यांनीही केबिनमध्ये बसून पाहिला होता.

संध्याकाळी रिकामी गाडी तीस किलोमीटर फिरवून आणली. दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला, दोन्ही सारखेच कोमट. सोमवारी पंचावन्न क्रेट भरून निघतो, वाटेत दर दहा किलोमीटरला थांबून हात लावीन आणि काय होतं ते इथेच कळवतो.

एकच विचारायचं राहिलं. केबलच्या नळीत पुन्हा चिखल जाऊ नये म्हणून तोंडाला रबरी बूट मिळतो का, की सायकल ट्यूबचा तुकडा बांधून चालेल? पांदण काही या वर्षी पक्की होत नाही.