शास्त्रवाचन सकाळी आठलाच का? घरशाळेचे वेळापत्रक आणि सात वर्षांचे मूल

धागा : आई, अहिल्यानगर

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून आम्ही त्याला घरीच शिकवतो. सुरुवातीला एक अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रम मागवला. त्यात वेळापत्रकही आयतेच होते : आठला शास्त्रवाचन (म्हणजे बायबलचे वाचन) व सुवर्णवचन (पाठ करायचे वचन), साडेआठला सुलेखन, नऊला इंग्रजी वाचन, दहाला गणित. चार महिने मी ते इमानाने पाळले आणि त्या चार महिन्यांत मुलगा एवढेच पक्के शिकला की, आईने पवित्र शास्त्र उघडले म्हणजे रडण्याची वेळ झाली.

दिवाळीनंतर मी बदल केले. शास्त्रवाचन इंग्रजीतून मराठीत आणले, कारण ठेच लागली की तो ‘आई गं’च म्हणतो. सुवर्णवचन टेबलावरून उठून अंगणातल्या झोपाळ्यावर गेले. सुलेखन अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटे ठेवले आणि उरलेल्या वेळात, ऐकलेली योसेफाची गोष्ट त्याने आपल्या शब्दांत सांगायची असे ठरवले. गणितातल्या डाइम आणि इंचांच्या जागी रुपये आणि सेंटीमीटर आले. शेवटचा बदल असा की, शास्त्रवाचन सकाळऐवजी रात्री, त्याचे वडील घरी आल्यावर होऊ लागले. बाकी कशाबद्दल कोणी काही बोलले नाही. या शेवटच्या बदलावरून मात्र चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी नापसंती दाखवली.

माझे मत असे की वेळापत्रक ही सोय आहे, आज्ञा नव्हे. नीतिसूत्रे २२:६ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप’ शिक्षण देण्यास सांगितले आहे. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर

भाषा, झोपाळा, रुपये या बदलांबद्दल माझी तक्रार नाही. ते तुम्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते. परंतु प्रार्थनेची वेळ मुलाच्या रडण्यामुळे हलली, हे त्या मुलाच्या नक्कीच लक्षात आले असेल, आणि आज शास्त्रवाचनाची वेळ हलवणारे रडणे उद्या गुणाकाराच्या पाढ्यांपुढेही उभे राहील. अठराव्या शतकात इंग्लंडमधील एपवर्थ येथे सुसाना वेस्ली यांनी आपल्या मुलांना घरीच शिकवले. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच असे रोज सहा तास शाळा चाले. आरंभी आणि शेवटी स्तोत्र म्हटले जाई. त्या घरातून मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स वेस्ली निघाले. इफिसकरांस पत्र ६:४ मध्ये मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवण्यास सांगितले आहे आणि शिस्त हा शब्द तिथे उगाच आलेला नाही.

प्रतिसाद : दोन मुलींचे वडील, पुणे

बाई, आपण त्याच वचनाचा उत्तरार्ध सांगितलात. पूर्वार्धात ‘मुलांना चिरडीस आणू नका’ असे आहे, आणि तो आम्हा बापांना उद्देशून आहे.

सुसाना वेस्लींचे उदाहरण आपण काढले हे बरे झाले, कारण ते माझ्याही बाजूचे आहे. १७३२ साली जॉनला लिहिलेल्या पत्रात त्या सांगतात की मूल पाच वर्षांचे झाले की त्याला एका दिवसात मुळाक्षरे शिकवली जात; दोन मुलींना मात्र दीड दिवस लागला, म्हणून तेव्हा त्यांनी त्या मुलींना मंद समजले, आणि पुढे इतर मुलांना किती काळ लागतो हे पाहिल्यावर ते मत बदलले. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली मुले सारखी नसतात, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १७०९ मध्ये त्यांचे घर जळाले आणि काही काळ मुले इतरांच्या घरी विखुरली. पुढे त्यांनी आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली. जॉनची गुरुवारची असे.

शार्लट मेसन याही ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञच होत्या. लहान मुलांचा पाठ पंधरा-वीस मिनिटांहून लांबू नये आणि ऐकलेले मुलाने स्वतः सांगावे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे ताईंनी दिवाळीनंतर जे केले, ते शंभर वर्षांहून जुने आहे.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर

गुरुवारची संध्याकाळ ही सहा तासांच्या व्यतिरिक्त होती, त्यांच्या बदल्यात नव्हती. माझा मुद्दा तेवढाच आहे. २२:६ बद्दलही सावध राहावे. मूळ हिब्रूत ‘त्याच्या वाटेप्रमाणे’ असे शब्द आहेत. ती वाट मुलाच्या स्वभावाची की त्याने चालावे अशा सन्मार्गाची, यावर जाणकारांत एकमत नाही. मराठी भाषांतरकारांनी एक अर्थ निवडला, म्हणून वाद मिटत नाही.

प्रतिसाद : घरशाळेतून दहावी झालेल्या मुलाची आई, नाशिक

चर्चा शास्त्रावर गेली आहे, म्हणून एक रुक्ष गोष्ट सांगते. आपल्याकडची बरीच घरशाळेची मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसतात आणि त्यासाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते. माझा मुलगा तोंडी अप्रतिम सांगत असे, त्या भरात आम्ही लेखन मागे टाकले आणि तेराव्या वर्षी त्याची बोटे पानभर लिहून दुखू लागली. सातव्या वर्षी दहा मिनिटे पुरेशी आहेत. दहाव्या वर्षी तीच दहा मिनिटे राहिली, तर ते मुलाला अनुरूप झाले असे म्हणता येणार नाही.

प्रतिसाद : आई, अहिल्यानगर

नाशिकच्या ताईंचा मुद्दा वहीत लिहून ठेवला आहे. दर वाढदिवसाला लेखनाची पाच मिनिटे वाढवण्याचे आज ठरवले.

बाईंचे म्हणणे मला दोन दिवस बोचत राहिले, कारण त्यात तथ्य आहे : वेळ मी त्याच्यासाठी हलवली की माझ्या सुटकेसाठी, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे देता आले नाही. म्हणून वाचन रात्रीच राहील, पण सकाळी आठला एक स्तोत्र, मराठीत, तीन-चार मिनिटांचे, न चुकता होईल आणि त्या वेळी तो रडला तरी ते थांबणार नाही. आज पहिला दिवस होता. स्तोत्र २३ निवडले. तो रडला नाही. ‘हिरवीगार कुरणे म्हणजे आपल्या मागचे घासाचे शेत का?’ असे विचारून झोपाळ्याकडे पळाला, आणि नऊचे इंग्रजी वाचन सुरू व्हायला सव्वानऊ वाजले.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर

सव्वानऊ चालतील. आठ मात्र आठच असावेत.