मदत हवी आहे: बॅटरी चार्जिंगसाठी उभ्या अक्षाची पवनचक्की घ्यावी की आडव्या?

नमस्कार मंडळी,

गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायचा विचार चालू आहे. सोलर आहेच, पण रात्री आणि ढगाळ दिवसांत बॅटरी पुरत नाही. २४ व्होल्टची बॅटरी बँक आहे, तिच्यावर दिवे, राउटर आणि एक पंखा चालतो. ॲनिमोमीटर लावून पाहिलं, वाऱ्याची सरासरी सेकंदाला ४ मीटरच्या आसपास येते. एका बाजूला मोकळं रान, दुसऱ्या बाजूला उंच झाडं.

जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. उभ्या अक्षाच्या, म्हणजे उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या सॅव्होनियस, डॅरियस, एच-रोटर, शिवाय नेहमीची आडव्या अक्षाची तीन पात्यांची. उभ्या अक्षाची चक्की कुठूनही आलेला वारा घेते, आवाज करत नाही, कमी वाऱ्यातही फिरते असं विक्रेते सांगतात. मग मोठ्या प्रकल्पांत जिथे तिथे तीन पातीच का दिसतात? एका माहितीपत्रकात तर १ मीटर व्यासाचा, १.२ मीटर उंचीचा एच-रोटर १२ मी/से वाऱ्याला १००० वॅट देईल असं छापलंय. हे कितपत खरं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी त्या माहितीपत्रकाचा निकाल लावू. एच-रोटरचं वारा अडवणारं क्षेत्रफळ म्हणजे व्यास गुणिले उंची, इथे १.२ चौरस मीटर. त्यातून १२ मी/से वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात एकूण ताकदच साधारण १२७० वॅट असते. बेट्झच्या मर्यादेनुसार मोकळ्या वाऱ्यातून कोणतीही चक्की ५९.३ टक्क्यांच्या वर काढू शकत नाही, म्हणजे कागदावरसुद्धा ७५० वॅट झाले. प्रत्यक्षात ३० टक्के मिळाले तरी हात जोडा. १००० वॅट छापणाऱ्याला बाजूला ठेवा.

आता तुमचा ४ मी/से वारा. ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग तिसऱ्या हिश्शावर आला की ताकद सत्ताविसाव्या हिश्शावर येते. वारा एकसारखा ४ वर राहिला तर तोच रोटर जेमतेम १४ वॅट देईल. खरा वारा कमीजास्त होतो आणि जोराच्या झोतांत जास्त कमाई होते, म्हणून हिशेब याहून बराच बरा निघतो. पण पंखा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

प्रकारांबद्दल. सॅव्होनियस म्हणजे उभं चिरलेलं पिंप, वारा त्याला ढकलतो. टॉर्क (फिरवण्याचा जोर) चांगला, हलक्या वाऱ्यातही आपोआप सुरू होतो, पण फिरतो सावकाश, वीज कमी आणि त्या मानाने पत्रा भरपूर लागतो. डॅरियसची वाकवलेली आणि एच-रोटरची सरळ उभी पाती विमानाच्या पंखासारखी उचल घेतात, म्हणून कार्यक्षमता बरी. अडचण अशी की ती बरेचदा स्वतःहून सुरू होत नाहीत, आणि प्रत्येक फेऱ्यात पात्यांवरचा जोर उलटसुलट होत राहतो. तो ताण बेअरिंग आणि जोडांवर येतो. कॅनडातल्या क्वेबेकमधली ११० मीटर उंच 'एओल' ही डॅरियस चक्की १९९३ मध्ये खालचं बेअरिंग गेल्यावर बंदच झाली. मोठ्या प्रकल्पांत तीन पाती का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त उभ्या अक्षाची थोडी बाजू घेतो. गच्चीवर वारा भोवऱ्यासारखा फिरतो, तिथे आडव्या अक्षाच्या चक्कीचं शेपूट सारखं दिशा शोधत बसतं आणि तिला फार काही हाती लागत नाही. उभीला तो त्रास नाही. मात्र खळबळीच्या वाऱ्यात ऊर्जाच कमी, मग प्रकार कुठलाही असो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. म्हणजे प्रकार निवडण्याआधी जागाच बदलायला हवी? मोकळ्या रानाच्या बाजूला खांब उभा करता येईल.

प्रतिसाद १

हो, तेच करा. पात्यांचं खालचं टोक १५० मीटरच्या टापूतल्या सगळ्यात उंच अडथळ्याहून निदान ९ मीटर वर असावं, असा ढोबळ नियम आहे. झाडं वाढतात तेही धरा. तिथे २ मीटर व्यासाची तीन पात्यांची चक्की लावलीत तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर मिळतं, त्या एच-रोटरच्या अडीचपटीहून जास्त. खांब तारांनी ताणलेला आणि बुडाशी बिजागरी असलेला घ्या, दुरुस्तीला आडवा करता येतो. घराच्या भिंतीला मात्र बांधू नका, कंपनं सगळी घरात येतात.

एक गोष्ट विसरू नका: सोलरचा साधा कंट्रोलर याला चालत नाही. बॅटरी भरल्यावर सोलर नुसतं तोडलं तरी चालतं, चक्कीचा भार तोडला तर ती बेफाम सुटते. डंप लोडवाला (जास्तीची वीज वेगळ्या भारात जिरवणारा) कंट्रोलर लागेल आणि जोराच्या वाऱ्यात चक्की थांबवायला ब्रेक स्विचही.

खांबापासून बॅटरीपर्यंतचं अंतर किती आहे? २४ व्होल्टला लांब तारेत बरीच वीज वाया जाते. मोजून इथेच टाका, मग तारेची जाडी काढू.