फियाट ११००चं इंजिन ठेवायला लाकडी स्टँड: लाकूड कोणतं, टेकू कुठे द्यायचा?

परळ_तळमजला

गाडी १९७१ची फियाट ११०० डिलाइट, इंजिन १०८९ सीसी. बॉडीचं पत्राकाम आणि रंग दीडेक वर्ष चालेल, तोवर इंजिन बाहेर राहणार. गिअरबॉक्स वेगळा केला आहे, फ्लायव्हील आणि क्लच इंजिनालाच आहेत. जागा तळमजल्यावरची बंद खोली, पावसाळ्यात एका भिंतीला ओल धरते.

लोखंडी स्टँड विकत न घेता लाकडी बनवायचा विचार आहे. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन पडून आहे, २×२ इंची. त्याची चौकट खिळ्यांनी ठोकायची, खाली चार चाकं, आणि चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) मधोमध एक ठोकळा देऊन वजन त्यावर घ्यायचं. हे टिकेल का? लाकूड वखारीतून नवं आणायचं असेल तर कोणतं आणि किती?

टॅपेट

आधी ठोकळ्याचं. चेंबरवर वजन अजिबात घेऊ नका. तो दाबलेल्या पत्र्याचा असतो. महिनोन्महिने वजन राहिलं की तळ आत जातो, आणि तेल ओढणाऱ्या जाळीचं तोंड तळापासून थोडंच वर असतं. ती फट बुजली तर इंजिन परत बसवून चालू केल्यावर तेलाचा दाब पडतो. लोक मग तेलपंप खोलतात, बेअरिंगला दोष देतात, चेंबर मात्र कोणी बघत नाही. शिवाय कॉर्कचं पॅकिंग एका बाजूला चेपून गळती लागते ती वेगळीच. जुन्या टायरवर इंजिन ठेवतात त्यातही हाच दोष आहे, वर टायरच्या पोटात ओल साचते.

वजन घ्यायच्या जागा चार. पुढे ब्लॉकच्या दोन्ही अंगांना जिथे फाउंडेशन (इंजिन गाडीत टेकवणारा रबरी टेकू) बसतं ते दोन कान, आणि मागे बेलहाउसिंगच्या तोंडावरची (जिथे गिअरबॉक्स जोडला जातो) दोन खालची बोल्टची भोकं. गाडीत मागचा भार गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन घेतं. तुमचा गिअरबॉक्स निघाला आहे, म्हणजे तो तिसरा पाय उरलेला नाही आणि फ्लायव्हीलचं वजन मागेच लटकतं आहे. नुसत्या पुढच्या दोन कानांवर इंजिन मागे झुकेल.

फाउंडेशनचे रबर काढून ठेवा. तेल पिऊन फुगलेलं रबर स्टँडवर काही कामाचं नाही, उलट सगळं डुलतं. कानाखाली ६ मिमीची लोखंडी पट्टी आणि मग लाकूड, असं पुरे.

रंधा_पटाशी

पॅकिंगचं पाइन विसरा. ते हलकं आहे म्हणून नव्हे. पेट्यांच्या पट्ट्यांत गाठी असतात, साल राहिलेली असते आणि तिच्यात भुंगेरं. त्यात खिळे. खिळा ओढाताण सोसत नाही. गिअरबॉक्स नसलेलं हे इंजिन दीडशे किलोच्या आत भरेल. हिशेबाला २०० धरा. एवढ्या वजनाने लाकूड मोडत नाही, सांधे उघडतात आणि सांगाडा एका अंगाला कलतो. म्हणून सगळं लक्ष सांध्यांकडे.

रे रोडच्या वखारींत साल (सालवृक्षाचं लाकूड) मागा, ४×३ आणि ३×२ अशा दोन मापांत. साग कशाला, पैसे वाया. मात्र सुकलेला माल घ्या. ताज्या कापलेल्या सालाच्या टोकांना भेगा पडतात आणि आकसला की बोल्ट ढिले होतात. टोकं बघा, तुकडा उचलून बघा. त्याच मापाच्या शेजारच्या तुकड्यांपेक्षा जड लागला तर तो ओला आहे.

रचना अशी. जमिनीकडे दोन आडवे तुकडे, ४×३, प्रत्येकी २४ इंच, ४ इंची बाजू आडवी. त्यांवर लांबीत दोन तुळया, ४×३, ३२ इंची, ४ इंची बाजू उभी. तुळयांच्या आतल्या अंगाला चार खांब, ४×३, साधारण १६ इंच, आणि प्रत्येक खांबाचा पाय खालच्या आडव्या तुकड्यावर टेकलेला. खांब नुसता तुळईला बोल्टने लटकवू नका. वजन लाकडाने लाकडावर घ्यायचं, बोल्टचं काम फक्त धरून ठेवणं.

खांबाची नेमकी उंची इंजिनावरून काढा: कानापासून चेंबरच्या तळापर्यंतचं अंतर अधिक १०० मिमी. तेवढी मोकळीक असली की ट्रे सरकवून तेलाचा बूच उघडता येतो. रुंदीचंही तसंच. कान खांबाच्या माथ्यावर पूर्ण बसला पाहिजे, नाहीतर आडवे तुकडे लांब-आखूड करा.

प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा खांब वरून ३×२ च्या पट्टीने जोडा आणि एक तिरका टेका द्या. आडवा डोल थांबवायला खांब आणि खालचा आडवा तुकडा यांच्या कोनात १२ मिमी प्लायचे त्रिकोण, आयएस ७१० मरीन प्लायचे. साधा कमर्शियल प्लाय मुंबईच्या एका पावसात थर सोडतो.

बोल्ट एम-१०, झिंकचे. तुळई आणि आडवा तुकडा जोडायला २०० मिमी लांबीचे ४, तुळई आणि खांब जोडायला १८० मिमीचे ८. उभा आणि आडवा बोल्ट आत एकमेकांना भिडणार नाहीत असे आधी आखून घ्या, नाहीतर ड्रिल अर्ध्यात अडकतं. वायसर (नटाखालच्या चकत्या) साधे नकोत, ५० मिमी चौकोनी पट्टीचे कापून घ्या. साधा वायसर लाकडात रुततो आणि आपल्याला वाटतं बोल्ट घट्ट झाला. तिरक्या टेक्यात भोक टोकापासून निदान ७० मिमी आत, नाहीतर लाकूड रेषेत फाटतं. सालात ड्रिल केल्याशिवाय स्क्रूसुद्धा जात नाही, मान तुटते.

एकूण दीड घनफुटाच्या वर थोडं लागतं, वाया जाणारं धरून दोन घनफूट आणा. कापताना चारही खांब एकत्र बांधून एकदाच कापा. एक खांब ३ मिमी आखूड पडला तर इंजिन तीन पायांवर उभं राहतं आणि चौथा कान नट आवळून खाली ओढला जातो.

वायसर

मागच्या दोन टेकूंसाठी ५०×५०×६ चा अँगल. माप टेपने घेत बसू नका. बेलहाउसिंगच्या तोंडावर पुठ्ठा धरा आणि भोकांवरून तेलकट अंगठा दाबत जा, ठसे उठतात. तोच पुठ्ठा अँगलवर चिकटवून पंच मारा. स्टार्टरची जागा मोकळी ठेवा.

लाकडाकडची भोकं लांबट करा, १० च्या बोल्टला १०×२० मिमी. पुढचे दोन कान आधी आवळायचे, मागचे इंजिनाचं पूर्ण वजन बसल्यावर. सांगाडा हंगामाप्रमाणे हलतो, ब्लॉक हलत नाही. ही दोन-चार मिमीची सवलत नसेल तर ताण बेलहाउसिंगच्या आट्यांवर येतो.

बोल्टचे आटे अंदाजाने घेऊ नका. इंजिनाचाच एक बोल्ट खिशात घालून नागदेवीला (हार्डवेअरच्या बाजारात) जा आणि त्याच आट्याचा, अँगलच्या जाडीएवढा जास्त लांब मागा. हाताने पाच-सहा फेरे सहज गेला पाहिजे. पाना लावावा लागला की समजा आटा वेगळा.

चाकं चारही १०० किलो क्षमतेची. जमीन कुठेच सपाट नसते, वजन प्रत्यक्षात तीनच चाकांवर येतं. आडव्या तुकड्यातून आरपार बोल्ट, स्क्रू नाही.

रंधा_पटाशी

चाकांबाबत थोडा वेगळा सल्ला. ती हलवण्यापुरती ठेवा, साठवणीत त्यांवर वजन नको. रबर आणि पीयूची चाकं एका जागी चपटी पडतात. शिवाय उलटण्याचा प्रश्न आहे. चार इंची चाकावर या इंजिनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५५ मिमीवर येतो, आणि फिरती चाकं आत वळली की मधल्या रेषेपासून टेकू २२० मिमीवर. म्हणजे २१ अंशांच्या आसपास कललं की गेलं. तेच आडव्या तुकड्यांच्या टोकांखाली ठोकळे आणि पाचर मारून चाकं अधांतरी केली तर २८ अंश. दाराचा उंबरा ओलांडताना हा फरक कळतो.

ठोकळ्यांचा दुसरा फायदा तुम्हा परळकरांना सांगायला नको. पावसात पाणी तुंबणारं हिंदमाता जवळ आहे. मे संपायच्या आत ठोकळ्यांखाली विटांचा एक थर वाढवा आणि चेंबर जमिनीपासून फूट-सव्वाफूट वर आहे ना बघा.

परळ_तळमजला

खूपच उपयोगी. चेंबरचा ठोकळा रद्द. आणखी दोन गोष्टी. इंजिन स्टँडवर चढवायला खोलीत पंख्याचा हूक आहे, चेनकप्पी त्याला चालेल? आणि ओलीसाठी स्टँडसकट सगळं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सिलिका जेल टाकली तर?

टॅपेट

हुकाला हात लावू नका. तो पंख्यासाठी आहे, पंखा चार-पाच किलोचा. इंजिन होइस्ट दिवसाच्या भाड्याने मिळतो, तोच आणा.

साखळी रॉकर कव्हरच्या स्टडना कधीच बांधू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे उपटून येतात. उचलायच्या दोन जागा तिरप्या घ्या, एक पुढे एका अंगाला, दुसरी मागे दुसऱ्या अंगाला. साखळीचा प्रत्येक पाय त्या दोन जागांमधल्या अंतराएवढा तरी लांब हवा. आखूड साखळी वर कमी आणि आत जास्त ओढते. इंजिन वर घेऊन स्टँडपर्यंत झुलवत नेऊ नका. ते जागीच वर धरा आणि स्टँड खाली सरकवा. चारही बोल्ट हाताने लागेपर्यंत साखळी किंचित ताणलेली राहू द्या.

ठेवण्याआधी ब्लॉकचं पाणी पूर्ण काढा. कास्ट आयर्न ब्लॉक आणि ॲल्युमिनियम हेड यांच्यात साधं पाणी साचून राहिलं की हेडच्या पाणवाटा कुरतडल्या जातात. कार्बोरेटर आणि पंपातलं पेट्रोल काढा, बंद खोलीत ते तसंही नको. जुनं तेल काढून नवं भरा, जुन्यातलं आम्ल बेअरिंग खातं. प्रत्येक प्लगच्या भोकातून १०-१५ मिली इंजिन ऑइल, हाताने दोन फेरे, आणि जुने प्लग परत. मॅनिफोल्डची तोंडं कापडाच्या बोळ्याने बंद करू नका, बोळा ओल धरतो आणि उंदीर ओढून नेतो. गॅस्केटचा कागद आणि वर पत्रा, नटने आवळून.

खारी_हवा

प्लास्टिकचं उत्तर स्टँडच्या वजनातच आहे. दीड-पावणेदोन घनफूट साल म्हणजे साधारण ३५ किलो. नीट सुकलेल्या लाकडातसुद्धा १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे त्या सांगाड्यात साडेचार लिटर. अर्धा किलो सिलिका जेल दोनशे ग्रॅमही ओढत नाही. तुम्ही इंजिन पाण्याच्या हंड्यासोबत पिशवीत बांधताय. दिवसा लाकूड बाष्प सोडेल, रात्री ते गार लोखंडावर बसेल.

पिशवी करायचीच तर फक्त इंजिनाला. व्हीसीआय फिल्म (गंज रोखणारं बाष्प सोडणारं प्लास्टिक) आणा आणि इंजिन स्टँडवर उतरवण्याआधी खालून पसरून ठेवा. कान आणि ६ मिमी पट्टी यांच्यामध्ये फिल्म दाबली जाते, बोल्ट तिच्यातून जातो, आणि वरून सील करता येते. लाकूड पूर्ण बाहेर. एवढा खटाटोप नको असेल तर उघड्या यांत्रिक तोंडांना ग्रीस, बाकीला तेलाचा हात, वर सुती चादर, आणि ओल्या भिंतीपासून दोन फूट अंतर. मुंबईत हवा खेळती असलेलं हे झाकण बऱ्याचदा अर्धवट सील केलेल्या पिशवीपेक्षा बरं.

वाळवीसाठी: एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर, कापलेल्या टोकांवर आणि भोकांत दोन-तीन हात. पाण्याने ते धुपून जातं, म्हणून पूर्ण वाळल्यावर वर ऑइल पेंट किंवा पॉलिश. बाजारातलं तांब्याचे क्षार मुरवलेलं हिरवट लाकूड घेऊ नका. ओल लागली की ते झिंक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं.

वायसर

दर महिन्याला हँडलने इंजिन फिरवायचं, हेही लिहा कोणीतरी.

टॅपेट

दर महिन्याला नको. कोरडं फिरवलं की रिंगा सिलेंडरवरचं तेल पुसून खाली नेतात. तीन महिन्यांनी एकदा, आधी प्रत्येक भोकात पाच मिली तेल, मग सव्वादोन फेरे. पाव फेरा मुद्दाम, म्हणजे क्रँक त्याच जागी थांबत नाही आणि दर वेळी दुसऱ्याच व्हॉल्वच्या स्प्रिंगा दबलेल्या राहतात.

रंधा_पटाशी

त्याच दिवशी बारा बोल्टांवर पाना फिरवा. पहिला पावसाळा संपून ऑक्टोबरची उष्णता लागली की साल आकसतं आणि पाव-अर्धा फेरा नक्की जातो. चौकोनी वायसर लाकडात रुतलेला दिसला तर नुसता आवळू नका. काढून खाली मोठी पट्टी घाला.