कोकणात बसून कादंबरी लिहिताना : पेन, शाई आणि आपापल्या सवयी (अनुभव धागा)

गुहागर (धागा सुरू करतोय)

मी कादंबरी लिहितोय. खाडीकाठच्या एका खोत घराण्याच्या तीन पिढ्यांची गोष्ट आहे आणि पहिला खर्डा पूर्ण शाईपेनाने करायचा असं ठरवलंय. बागेला पाणी लावायच्या आधीची पहाट माझी. रात्री जेवणं आटोपली की पेन भरतो, निब सुती फडक्याने टिपतो आणि पेन वहीवर आडवं ठेवून झोपतो. सकाळी भरलेलं पेन समोर दिसलं की बसावंच लागतं. सुरुवातीला काही सुचत नाही, म्हणून आदल्या दिवशीचं शेवटचं पान नव्याने उतरवून काढतो. त्या ओघात पुढचं येतं.

शाईपेनच का, असं घरचे विचारतात. बॉलपेन दाबावं लागतं. शाईपेन नुसतं टेकवलं की निबेच्या फटीतून शाई आपसूक कागदात शोषली जाते, मनगटावर भार येत नाही. सलग लिहिणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

तुम्ही कुठे बसता, कशाने लिहिता, पावसात वह्या कशा जपता, सगळं सांगा. ज्यांचं छापून आलंय त्यांनी सांगाच, पण ज्यांचा खर्डा अजून पेटीत आहे त्यांनी आधी सांगा.

सावंतवाडी

निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वेळी बाकाला दौतीसाठी भोक असे आणि शाई वडी विरघळवून करायची. कॅमलिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो अशाच शाईच्या वड्या आणि पुडीचा, घोडा छाप. कॅमल शाई त्यानंतरची. कित्ता गिरवायला बोरू होता. देवनागरीसाठी बोरूचा तिरका काप इंग्रजीच्या उलट बाजूने घ्यावा लागतो, हे गुरुजींनी चाकू हातात देऊन शिकवलं. तेव्हापासून लेखणीच्या टोकाकडे माझं बारीक लक्ष असतं. आपल्या लिपीला बारीक निब बरी. जाड निबेने अनुस्वार, रफार आणि वेलांट्या एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

सवय म्हणाल तर उजव्या पानावरच लिहितो, डावं दुरुस्तीसाठी कोरं. संध्याकाळी ओटीवर बसून सौ.ला वाचून दाखवतो. ती ऐकताना "हं" म्हणत असते. जिथे तिचं "हं" थांबतं तिथे समासात खूण करतो. ती खूण आजवर चुकीच्या जागी पडलेली नाही.

चिपळूण

शाईबद्दल मला सांगायलाच हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर कपाटातून वह्या काढल्या तेव्हा त्यांचे गठ्ठे झाले होते, पानात पान चिकटलेलं, वर चिखलाचा थर. माझ्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं साध्या निळ्या शाईत होती, धुतली की कपड्यावरून जाते ती. मधेच ती बाटली संपली म्हणून पुढची प्रकरणं जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लिहिली होती.

पानं एकेक सोडवून, मधे वर्तमानपत्र घालून माळ्यावर पसरली. निळ्या शाईची पानं आभाळी रंगाची झाली होती. अक्षर नाहीच, कुठे पेन जोरात टेकलं तिथे फक्त वळ. निळ्या-काळ्या शाईचं मात्र ओळ न् ओळ वाचता आलं. कडा फुगलेल्या, कागद मातकट, पण "गोदाआत्याने दार लावून घेतलं" हे वाक्य जसंच्या तसं होतं. ते बघून मी तिथेच रडले.

कारण नंतर समजून घेतलं. या जुन्या शाईत हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असतं. लिहिताना ती फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि पाण्यात न विरघळणारा रंग कागदाच्या धाग्यात बसतो. म्हणूनच सरकारी दप्तरं आणि दस्तांसाठी ती वापरत. मात्र ती आम्लधर्मी असते, पेनात वाळू दिली तर साका धरते आणि पोलादी निब खाते. पेन वरचेवर साध्या पाण्याने धुवावं लागतं. हल्लीची प्रत्येक निळी-काळी तशी नसते, तेव्हा कागदावर दोन ओळी लिहून, दिवसभर वाळू देऊन नळाखाली धरून बघा. आणि चित्रकलेची काळी शाई पेनात कधीही भरू नका, त्यात लाख असते, पेन कायमचं बसतं.

गेलेली प्रकरणं मी आठवून पुन्हा लिहिली. ती आधीपेक्षा वेगळी झाली. जुनी मला अजून हवी आहेत.

खेड, नोकरी मुंबईला

चिपळूणच्या ताई, तुमचं वाचून माझ्या वह्या आजच वरच्या फळीवर ठेवल्या.

मी रेल्वेत लिहितो. खेड ते पनवेल हा माझा लिहायचा वेळ, बोगद्यात दिवे लागतात तेवढा उजेड पुरतो. पेन राजमुंद्रीचं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं. असं पेन शाई ओकतं ही तक्रार सगळे करतात. पेन अर्धं रिकामं झालं की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. म्हणून निघताना गळ्यापर्यंत भरून घ्यायचं आणि निम्म्यावर आलं की पुन्हा भरायचं. खिशात नेहमी निब वर. इतकं पाळलं तर शर्ट सुरक्षित.

रत्नागिरी

घरी जागा नाही, चार माणसं आणि टीव्ही. मी जिल्हा नगर वाचनालयात बसते. १८२८ ची संस्था आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांतली. तिथे कोणी "काय लिहितेस" विचारत नाही, एवढंच मला पुरतं.

श्रीवर्धन

मी डावखुरी. लिहिलेल्या ओळीवरून हात फिरतो, करंगळीची कड कायम निळी. हात ओळीच्या खाली ठेवून लिहायला शिकले, वही उजवीकडे कलती धरते. पटकन वाळणारी शाई आणि बारीक निब, शिवाय टीपकागद हाताखाली असतोच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. लॅपटॉप बंद म्हणून दहावीतलं पेन शोधून काढलं. उजेड असेपर्यंत पडवीत बसून पडलेल्या वाडीचं, शेजाऱ्यांचं जे दिसेल ते लिहीत गेले. माझ्या कादंबरीतलं वादळ त्या पानांतून उचललंय. वीज आल्यावरही मी टंकलेखनाकडे फक्त दुसऱ्या खर्ड्यासाठी गेले.

देवगड

मी थोडा वेगळा सूर लावतो. आमची कलमं आहेत. मार्च ते मे आंबा काढणी, पेट्या भरणं, गाड्या. तेव्हा वही उघडायला हात स्वच्छ नसतात, चीक लागलेला असतो. मी फोनवर बोलून ठेवतो, रात्री ऐकतो. त्यालाही लिहिणंच म्हणा, ज्याला वेळ नाही त्याने पेनाची वाट बघत बसू नये.

संवाद मात्र हातानेच. माझी माणसं मालवणीत बोलतात आणि फोन त्यांचं बोलणं परस्पर पुण्याचं करून टाकतो. "खंय गेललंस" लिहिलं तर तिसरंच काही उमटतं. वहीत आजी आजीसारखी बोलते. पाऊस लागला, बागेतली कामं सरली की मग कथेचं बाकी सगळं.

गुहागर

सगळ्यांचे आभार. माझी अडचण आगोटीनंतर, म्हणजे पाऊस लागला की सुरू होते. कागद सर्द होतो, शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. शाईच्या बाटलीत बुरशीही धरली होती एकदा. तुम्ही काय करता?

वेंगुर्ला

बुरशी धरली तर बाटली फेका, गाळून वापरू नका, ती पेनात जाते. बाटलीत पाणी मिसळू नका आणि पेनातली उरलेली शाई परत ओतू नका.

कागदासाठी खतावणीच्या वह्या घ्या. जमाखर्चाचा लेजर कागद घट्ट असतो, दमट हवेतही शाई कमी पसरते. पंख्याखाली वही उघडी ठेवू नका, भर पावसात पंखा दमट हवाच फिरवतो. आमच्याकडे अजून चूल पेटते. चुलीवरच्या माळ्यावर कोकमं, सुकी मासळी असते तिथेच पत्र्याच्या पेटीत माझ्या वह्या आहेत. मृगापासून दसऱ्यापर्यंत लिहायला लागेल तेवढीच एक वही खाली येते, रात्री परत वर जाते. पानांना धुराचा आणि थोडा बांगड्याचा वास लागलाय, पण शाई फुटत नाही. चूल नसेल तर डब्यात भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर आठवड्याला बदला.