'गांजा खुला केला की गुन्हे संपतात' म्हणे!

खडूसकाका: काल एकाने ठोकून दिलं, "गांजा कायदेशीर करा, गुन्हेगारी आपोआप संपते. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य बघा." बघितलं. १ जानेवारी २०१४ पासून तिथे दुकानात मिळतो. बाळगल्याच्या अटका घटल्या. अहो, जो गुन्हाच उरला नाही तो घटला याचं कौतुक कसलं? चोऱ्यामाऱ्यांत ठाम फरक दिसत नाही. वर अमेरिकेच्या केंद्र सरकारची बंदी कायम, म्हणून बहुतेक बँका या धंद्याच्या पैशाला हात लावत नाहीत. मग गल्ल्यात रोकड, आणि दरोडेखोरांची चंगळ.

रानपाखरू: म्हणजे वाढलेही नाहीत ना काका? जगबुडी येणार होती! आणि अटकेची किंमत तुम्हाला काय कळणार. माझ्या मावसभावाच्या खिशात एक पुडी सापडली. व्यसन केव्हाच सुटलं, नोकरीच्या अर्जावरचा तो रकाना सुटला नाही.

खडूसकाका: भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण शिक्षा काढणं वेगळं, दुकान थाटणं वेगळं. पोर्तुगालने २००१ मध्ये पहिलं केलं, दुसरं नाही.

तिखटमीठ: आणि दारू? माझ्या वडिलांना दारूने नेलं, परवाना लावलेल्या दुकानातल्या. त्यावर धागा काढा की.

खडूसकाका: म्हणूनच तर! एक दुकान झेपेना, आता दुसरं उघडायचं?

स्टिअरिंग: मी रात्री गाडी चालवतो. दारूला फुंकायचं यंत्र आहे, याला काय आहे?

रानपाखरू: रक्ततपासणी. कोलोरॅडोत टीएचसीला, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याला, रक्ताच्या मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमची रेघ आहे.

स्टिअरिंग: त्या रेघेला अर्थ काय? रोज ओढणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यावरही अंश सापडतो, आणि कधीतरी ओढणारा तर्र असून रेघेखाली सुटतो. मला एकाने मागून ठोकलं होतं, डोळे लालभडक. सिद्ध काही झालं नाही. मणका अजून दुखतो.

रानपाखरू: लाल डोळे जागरणानेही होतात.

स्टिअरिंग: तू होतीस का तिथे? मग गप्प बस.

तिखटमीठ: अरे भांडू नका. काका, कॅनडाचं बोला. २०१८ पासून खुला आहे, काळा बाजार बराच आकसला.

खडूसकाका: आकसला, मान्य. एका रात्रीत नाही, वर्षं लागली. कॅलिफोर्नियात कर चढे, कित्येक गावांनी दुकानंच नाकारली, तिथे चोरटा धंदा जोरात आहे. "आपोआप" हा शब्द मागे घ्या, मी "कौतुक कसलं" मागे घेतो. भावापुरतं.

रानपाखरू: केवढे उपकार!

स्टिअरिंग: आणि माझ्या मणक्याचं?